एन्झाइम नेमकं कुठं कापतं? पेप्टाइड लायब्ररी लावायला शिकणाऱ्यांसाठी

कापसावर तिला हिरवी बोंडअळी म्हणतात, हरभऱ्यावर घाटेअळी, तुरीवर शेंगा पोखरणारी अळी. कीटक एकच, हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा. मराठवाड्यात ज्याच्या घरी शेती आहे त्याला तिची ओळख करून द्यावी लागत नाही. आपली पोरं एम.एस्सी.ला जातात, बायोकेमिस्ट्री किंवा बायोटेक घेतात, आणि कधी कधी याच अळीच्या आतड्यातली प्रथिनं पचवणारी एन्झाइम्स प्रोजेक्टला येतात. मग पहिला प्रश्न पडतो तो हाच, की हे एन्झाइम प्रथिनाची साखळी नेमकी कुठं कापतं?

शेतकऱ्याच्या दृष्टीनंही या प्रश्नाला वजन आहे. सोयाबीन, हरभरा, तूर यांच्या दाण्यांत प्रोटीएजला, म्हणजे प्रथिन कापणाऱ्या एन्झाइमला, अडवणारी प्रथिनं, म्हणजे इनहिबिटर, मुळातच असतात. सोयाबीनमधलं असं एक प्रथिन कुनिट्झ यांनी १९४५ साली स्फटिकरूपात वेगळं केलं. दुसरं, बाउमन-बर्क इनहिबिटर, दोन तोंडांचं आहे. त्याच्या एका तोंडावर लायसीन असतं, तिथं ट्रिप्सिन नावाचं प्रोटीएज अडकतं. दुसऱ्या तोंडावर ल्युसीन असतं, तिथं कायमोट्रिप्सिन. म्हणजे इनहिबिटर हे एन्झाइमच्या आवडीचं आमिषच. पण अळीही तेवढीच चिवट. इनहिबिटर पोटात गेलं की तिचं आतडं त्या आमिषाला न फसणारी वेगळी प्रोटीएजेस जास्त बनवायला लागतं. त्या नव्या प्रोटीएजची आवड काय, हे मोजल्याशिवाय पुढचं आमिष निवडता येत नाही. पेप्टाइड लायब्ररी, म्हणजे अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्यांचा मोठा संच, त्यासाठी लावायची.

मी हे काम शिकताना बरेच दिवस आणि बरंच महागडं पेप्टाइड वाया घालवलं. नांदेड, परभणी, लातूर, संभाजीनगरकडे जे आत्ता सुरू करत आहेत त्यांचं तेवढं तरी वाचावं म्हणून लिहितो आहे.

आधी पत्ता वाचायला शिका

कापाची जागा म्हणजे गावची वेस समजा. वेशीच्या आतलं पहिलं घर पी१, त्यामागचं पी२, मग पी३, पी४. वेशीच्या बाहेरचं पहिलं घर पी१ प्राइम, पुढचं पी२ प्राइम. साखळी नेहमी अमिनो टोकाकडून लिहायची, त्यामुळे पी४ डावीकडे येतो आणि काप पी१ व पी१ प्राइम यांच्यामध्ये पडतो. एन्झाइमच्या अंगावर या प्रत्येक घरासाठी एकेक खोबण असते, तिला एस१, एस२ अशी नावं. ही पद्धत शेख्टर आणि बर्गर यांनी १९६७ साली पपेनवर काम करताना मांडली. पपेन म्हणजे कच्च्या पपईच्या चिकातलं प्रोटीएज.

ट्रिप्सिनच्या एस१ खोबणीच्या तळाशी, १८९ व्या जागी, अ‍ॅस्पार्टिक आम्ल असतं. त्याचा भार ऋण, म्हणून धन भाराची लायसीन आणि आर्जिनिन तिथं घट्ट बसतात. कायमोट्रिप्सिनमध्ये त्याच जागी सेरीन आहे. तिथं फिनाइलॲलॅनिन, टायरोसिन, ट्रिप्टोफॅन बसतात. इलॅस्टेजच्या खोबणीचं तोंड अरुंद असतं, म्हणून त्याला ॲलॅनिनसारखी छोटी अमिनो आम्लं लागतात. हे वाचून बहुतेक विद्यार्थी पी१ हेच सगळं ठरवतं असं धरून चालतात. पपेन तसं वागत नाही. त्याची खरी निवड पी२ वर असते, तिथं त्याला फिनाइलॲलॅनिनसारखं तेलकट, पाण्यापासून दूर राहणारं अमिनो आम्ल हवं असतं. फक्त पी१ बदलून बघितलं तर पपेनची आवड हाती लागत नाही. अळीच्या आतड्यातलं अनोळखी एन्झाइम कोणत्या जातीचं निघेल हे आधी माहीत नसतं, म्हणून चारही जागा तपासायच्या.

लायब्ररी म्हणजे किती पेप्टाइडं?

अमिनो आम्लं २०. चार जागा बदलायच्या तर २० × २० × २० × २०, म्हणजे १,६०,००० पेप्टाइडं. सहा जागा धरल्या तर ६ कोटी ४० लाख. एकेक पेप्टाइड वेगळं तपासणं कोणत्याच प्रयोगशाळेला शक्य नाही. म्हणून मिश्रणं वापरतात.

सगळ्यात सोपी आणि नवशिक्याला कळणारी रचना अशी: एका वेलमध्ये, म्हणजे प्लेटवरच्या एका छोट्या खळग्यात, एक जागा पक्की ठेवायची, उरलेल्या तीन जागांवर सगळी अमिनो आम्लं मिसळलेली. समजा पी२ वर प्रोलिन पक्कं. मग त्या वेलमध्ये पी२ ला प्रोलिन असलेली आणि बाकी काहीही असलेली सगळी पेप्टाइडं येतात. शेजारच्या वेलमध्ये पी२ ला ग्लायसीन. असं करत एकेक जागा फिरवायची. सिस्टीन बहुधा वगळतात, कारण ते हवेनं आपसात जोडलं जातं. मेथिओनिनही ऑक्सिडाइज होतं, त्याच्या जागी नॉरल्युसीन घालतात. राहिली १९. चार जागा गुणिले १९ म्हणजे ७६ वेल, आणि प्रत्येक वेलमध्ये १९ चा घन, ६,८५९ पेप्टाइडं. ९६ वेलच्या प्लेटमध्ये ७६ लायब्ररीचे आणि २० तुमच्या ब्लँक व कंट्रोलचे. हे वीस वेल वाचवायला जाऊ नका, पुढे त्यांच्यावरच सगळं उभं राहतं.

प्रत्येक पेप्टाइडच्या शेवटी, पी१ च्या लगेच पुढे, एसीसी किंवा एएमसी नावाचा रंगद्रव्याचा तुकडा जोडलेला असतो. जोडलेला असताना तो जवळपास मंद असतो. एन्झाइमनं कापून सोडला की ३८० नॅनोमीटरच्या प्रकाशात ४६० च्या आसपास उजळतो. वेल जितक्या वेगानं उजळेल तितकी ती जागा एन्झाइमच्या आवडीची. या रचनेची एक मर्यादा लक्षात ठेवा: वेशीबाहेर रंगद्रव्यच असल्यामुळे प्राइम बाजूची आवड इथं कळत नाही. त्याच्यासाठी दोन टोकांना चमकणारा आणि चमक विझवणारा गट लावलेली पेप्टाइडं, नाहीतर मास स्पेक्ट्रोमेट्री लागते. मास स्पेक्ट्रोमेट्रीची पिक्स नावाची पद्धत शिलिंग आणि ओव्हरॉल यांनी २००८ साली दिली. तिच्यात खऱ्या पेशीतल्या प्रथिनांचे तुकडेच लायब्ररी म्हणून वापरतात. फेजच्या, म्हणजे जिवाणूंना लागणाऱ्या विषाणूच्या, अंगावर पेप्टाइड वाढवून निवडण्याचीही पद्धत आहे. तिचा पाया असलेल्या फेज डिस्प्लेसाठी जॉर्ज स्मिथ यांना २०१८ च्या नोबेलचा वाटा मिळाला. सुरुवातीला या दोन्हींच्या वाटेला जाऊ नये असं माझं मत. आधी एसीसीवर हात बसू द्या.

लायब्ररी स्वतः बनवण्याचाही मोह होतो. घन आधारावर पेप्टाइड बांधण्याची युक्ती मेरिफिल्ड यांनी १९६३ साली दिली आणि ती शिकण्यासारखी आहे, पण मिश्रण बांधताना व्हॅलिन, आयसोल्युसीनसारखी अंगानं जाड अमिनो आम्लं हळू जोडली जातात. त्यांचं प्रमाण हिशोबानं वाढवलं नाही तर मिश्रण एकसारखं राहत नाही आणि एन्झाइमची आवड म्हणून तुमच्या मिश्रणाची चूकच दिसते. तयार लायब्ररी विकत किंवा सहकारी प्रयोगशाळेकडून घ्या.

प्लेट रीडर नाही, मग?

प्लेट रीडर म्हणजे वेलमधली चमक मोजणारं यंत्र. ते नसलं तरीही सुरुवात होते. पॅरा-नायट्रोॲनिलाइड जोडलेली सब्सट्रेट्स (एन्झाइम ज्यांना कापतं ते रेणू) कापली गेली की पिवळा रंग येतो आणि ४०५ नॅनोमीटरवर साध्या स्पेक्ट्रोफोटोमीटरमध्ये मोजता येतो. ट्रिप्सिनसाठी बापना, कायमोट्रिप्सिनसाठी सक्सिनिल-अला-अला-प्रो-फे, इलॅस्टेजसाठी तीन ॲलॅनिनचं. तीन-चार सब्सट्रेट्सवर तुमचं एन्झाइम कोणत्या घराण्यातलं आहे एवढं नक्की कळतं. बापनाच्या बाटलीवर 'डीएल' लिहिलेलं असतं ते वाचा: त्यातला अर्धा भाग डी प्रकारचा, म्हणजे आरशातल्या प्रतिमेसारखा उलटा, असतो आणि तो कापलाच जात नाही. त्यामुळे सब्सट्रेटचं प्रमाण मोजताना निम्मंच धरायचं.

एन्झाइम

पहिली प्लेट अळीच्या अर्कावर लावू नका. ट्रिप्सिनवर लावा. उत्तर आधीच माहीत असलेला प्रयोग करून बघितल्याशिवाय अनोळखी उत्तरावर विश्वास कसा ठेवणार? ट्रिप्सिन टीपीसीके (कायमोट्रिप्सिनला निकामी करणारं रसायन) दिलेलं घ्या, कारण साध्या ट्रिप्सिनमध्ये कायमोट्रिप्सिनची भेसळ असते आणि ती लायब्ररीत उघडी पडते. स्टॉक १ मिलिमोलर हायड्रोक्लोरिक आम्लात करायचा. आम्लात ते स्वतःला खात नाही. छोट्या छोट्या नळ्यांत भरून उणे २० ला ठेवा, एक नळी एकदाच उघडायची. लाइट गेल्यावर आपल्याकडच्या फ्रीजरचं काय होतं हे सगळ्यांना माहीत आहे. एकाच मोठ्या बाटलीत सगळं ठेवलं असेल तर एका दुपारीच ते गेलं समजा.

अळीचा अर्क घ्याल तेव्हा त्यात अनेक प्रोटीएजेस एकत्र असतात. कोण काय करतं हे वेगळं काढायला इनहिबिटर वापरा: पीएमएसएफनं सेरीन प्रोटीएज थांबतात, ई-६४ नं सिस्टीन प्रोटीएज, ईडीटीएनं धातू लागणारी. पीएमएसएफ पाण्यात टिकत नाही, पीएच ८ च्या वर तर फारच लवकर नासतं. आयसोप्रोपॅनॉलमध्ये स्टॉक करा, ऐन वेळी टाका, आणि हातमोजे घालूनच हाताळा, विषारी आहे. अळीचं आतडं अल्कधर्मी असतं, तिची ट्रिप्सिन्स पीएच ९ ते १० च्या आसपास जोरात चालतात. गाईच्या ट्रिप्सिनचा पीएच ८ चा बफर तिला जसाच्या तसा लावला तर एन्झाइम मंद वाटेल.

प्लेट लावायची

ट्रिप्सिनसाठी मी वापरतो तो बफर: ५० मिलिमोलर ट्रिस पीएच ८, १०० मिलिमोलर मीठ, १० मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइड, ०.०१ टक्का ट्वीन-२०. कॅल्शियममुळे ट्रिप्सिन टिकतं, ट्वीनमुळे ते प्लास्टिकला चिकटत नाही. पाणी चांगलं शुद्ध केलेलंच हवं. आपलं बोअरचं पाणी काळ्या पाषाणातून आलेलं, जड. ईडीटीए वापरायच्या प्रयोगात नकळत आलेलं कॅल्शियम सगळा हिशोब बिघडवतं.

काळी प्लेट घ्या. लायब्ररी डीएमएसओ नावाच्या द्रावकात असते. प्रत्येक वेलमध्ये डीएमएसओ सारखाच, शेवटी २ ते ५ टक्क्यांच्या आत. हिवाळ्यात सकाळी डीएमएसओची बाटली गोठलेली दिसली तर बिघडली असं समजू नका, तो १८.५ अंशालाच गोठतो. हातात धरून पूर्ण पातळ करा, हलवा, मगच पिपेट लावा. अर्धवट पातळ झालेल्यातून काढलेलं प्रमाण चुकतं. पावसाळ्यात तो हवेतलं पाणी ओढतो, झाकण उघडं ठेवू नका.

एका वेलमध्ये एकूण पेप्टाइड १०० मायक्रोमोलर ठेवलं तर ६,८५९ वाटेकऱ्यांत प्रत्येकाच्या वाट्याला साधारण १५ नॅनोमोलर येतं. इतक्या कमी प्रमाणात वेग हा केकॅट (एन्झाइमचा एक रेणू सेकंदाला जास्तीत जास्त किती वेळा कापतो) भागिले केएम (निम्मा वेग गाठायला लागणारं सब्सट्रेटचं प्रमाण) या आकड्याच्या प्रमाणात असतो, आणि आवड मोजायला आपल्याला तोच आकडा हवा असतो.

तापमानाचं जरा सविस्तर सांगतो, कारण परगावच्या पद्धती वाचून इथं गोंधळ होतो. बहुतेक प्लेट रीडर वेल गरम करू शकतात, थंड करू शकत नाहीत. लिहिलेल्या पद्धतीत २५ अंश असतं, आणि मे महिन्यात एसी नसलेल्या खोलीत ३८ असतं. मशीनवर २५ टाकलं म्हणून वेल २५ ला येत नाही. उन्हाळ्यात सरळ ३७ वर काम करा, पण सगळ्या प्लेट्स ३७ वरच, आणि वहीत तसं लिहा. कोरड्या हवेत कडेचे वेल लवकर सुकतात. पारदर्शक सील लावा आणि चारही कोपऱ्यांत महत्त्वाचं काही ठेवू नका.

ते वीस वेल असे भरा: एन्झाइम नसलेले, उकळून मारलेलं एन्झाइम असलेले, इनहिबिटर घातलेले, ओळखीचं एकच सब्सट्रेट असलेले, आणि मोकळ्या एसीसीच्या चढत्या पायऱ्या, म्हणजे उजेडाचं प्रमाणात रूपांतर करता येईल.

पहिली दहा मिनिटं

सगळ्यात जास्त चुका इथं होतात.

लग्नाच्या पंगतीत पाहुण्याला काय आवडतं हे कळायचं असेल तर वाढून झाल्याबरोबर त्याचा हात पहिल्यांदा कशाकडे जातो ते बघायचं. जेवण उरकल्यावर ताट बघितलं तर बुंदी, वरण, भाजी सगळंच संपलेलं असतं आणि त्यावरून काहीच सांगता येत नाही. एन्झाइमचंही तसंच आहे. पुरेसा वेळ दिला तर नावडतं पेप्टाइडसुद्धा हळूहळू कापलं जातं आणि आवडतं संपून थांबलेलं असतं. शेवटी सगळे वेल सारखे उजळतात.

माझी पहिली पूर्ण प्लेट अशीच गेली. सुरुवातीला रीडिंग कमी दिसत होतं, मला वाटलं एन्झाइम कमी पडलं. आणखी घातलं, दोन तासांनी एकच रीडिंग घेतलं. पी२, पी३, पी४ चे सगळे वेल जवळपास एका उंचीचे. मी वहीत लिहिलं, 'या जागांवर निवड नाही.' माझ्या मार्गदर्शक बाईंनी वही बघितली आणि एकच विचारलं: "मधली रीडिंग्ज कुठंयत?" ती नव्हतीच. त्या वेलमधली कापण्याजोगी पेप्टाइडं संपल्यावर मी मोजलं होतं. लायब्ररीचा तेवढा साठा गेला तो गेलाच.

म्हणून आधी एन्झाइम किती पातळ करायचं ते ठरवा. पी१ ला आर्जिनिन असलेला सगळ्यात जलद वेल घ्या, त्यात एन्झाइम दर वेळी निम्मं करत सात-आठ पायऱ्या लावा, दर ३० सेकंदांनी रीडिंग घ्या. ज्या पायरीवर रेषा पहिली १५-२० मिनिटं सरळ चढते ती पायरी पूर्ण प्लेटसाठी वापरा. सब्सट्रेट १० टक्क्यांपेक्षा कमी खर्च झालेलं असतानाचाच उतार मोजायचा. रेषा वाकायला लागली की पुढचं सोडून द्या, कितीही छान दिसत असली तरी.

एन्झाइमचं वजन माहीत असणं आणि त्यातलं किती जिवंत आहे हे माहीत असणं वेगळं. ट्रिप्सिनसाठी एनपीजीबीसारखं सब्सट्रेट सक्रिय जागा मोजून देतं. दोन वेगवेगळ्या दिवसांची तुलना करायची असेल तर हे मोजमाप टाळू नका.

आकडे वाचताना

प्रत्येक जागेतला सगळ्यात जास्त उतार १०० धरा, बाकीचे त्याच्या टक्केवारीत. तीन वेगळ्या दिवशी तीन प्लेट्स करा. एकाच दिवशी तीन वेल म्हणजे तीन प्रयोग होत नाहीत. ट्रिप्सिनमध्ये पी१ ला लायसीन आणि आर्जिनिन सोडून बाकी सगळं तळाला दिसलं पाहिजे. ल्युसीन किंवा फिनाइलॲलॅनिन उठून दिसलं तर कायमोट्रिप्सिनची भेसळ आहे, किंवा वेळ जास्त गेला आहे.

पी१ कळल्यावर दुसरी फेरी. आता पी१ लायसीनवर पक्कं करा आणि पी२, पी३, पी४ फिरवा: ५७ वेल, प्रत्येकात फक्त ३६१ पेप्टाइडं. चित्र खूप स्वच्छ होतं. तरीही हे आकडे सरासरीचे असतात. एखाद्या एन्झाइमला पी२ वर प्रोलिन तेव्हाच चालतं जेव्हा पी३ वर अमुक एक असतं. ही सांगड मिश्रणात झाकली जाते.

म्हणून शेवटी एकेकटी पेप्टाइडं मागवा. सगळ्यात चांगलं निघालेलं, दुसऱ्या क्रमांकाचं, आणि मुद्दाम एका जागेवर नावडतं घातलेलं, अशी पाच-सहा पुरतात. शुद्धता ९५ टक्के मागा. पावडरीच्या वजनात पाणी आणि ट्रायफ्लुओरोॲसेटिक आम्लाचं मीठ असतं, म्हणून १ मिलिग्रॅम तोललं म्हणजे १ मिलिग्रॅम पेप्टाइड नसतं; सोबतच्या कागदावर निव्वळ पेप्टाइड किती ते बघून हिशोब करा. त्याच मिठामुळे जास्त प्रमाणात बफरचा पीएचही खाली येतो. या पेप्टाइडांवर केकॅट आणि केएम मोजले की लायब्ररीनं दिलेला क्रम खरा ठरतो किंवा चुकतो. दोन्ही निकाल वहीत सारख्याच काळजीनं लिहा.

आणखी एक गोष्ट मार्गदर्शकांना रिपोर्ट देण्याआधी मनाशी पक्की करा. लायब्ररीतलं सर्वोत्तम आणि निसर्गातलं खरं लक्ष्य एकच असेल असं धरू नका. थॉर्नबेरी आणि सहकाऱ्यांनी १९९७ साली अशाच लायब्ररीनं कॅस्पेज नावाची प्रोटीएजेस तपासली. कॅस्पेज-३ ला डीईव्हीडी (पी४ ते पी१ च्या अमिनो आम्लांची एकाक्षरी नावं) आवडतं असं निघालं, आणि पार्प नावाच्या प्रथिनात ती नेमकी तिथंच कापते. पण कॅस्पेज-१ ला सगळ्यात जास्त आवडलं डब्ल्यूईएचडी, आणि तिचं ओळखीचं लक्ष्य असलेल्या इंटरल्युकिन-१ बीटामध्ये मात्र वायव्हीएचडी आहे. खरं प्रथिन घडी घातलेलं असतं, कापाची जागा आत दडलेली असू शकते, एन्झाइम आणि ते प्रथिन एका ठिकाणी येतच नसतील. अळीच्या पोटात जाणारं प्रथिन तुरीच्या दाण्याचं असतं. मोजलेली आवड त्या साठवण प्रथिनांवर प्रत्यक्ष कापून, जेलवर बघा.

अळ्या कधी गोळा करायच्या

तूर ऑक्टोबर-नोव्हेंबरात फुलोऱ्यात येते, तेव्हापासून अळ्या मिळायला लागतात, आणि पुढे हरभऱ्याला घाटे धरले की तिथं. फवारणी न झालेलं वावर शोधा आणि शेतकऱ्याला विचारून, कशासाठी ते सांगून न्या. बहुतेक जण आनंदानं देतात आणि कोणत्या कोपऱ्यात जास्त आहेत तेही दाखवतात. प्रत्येक अळी वेगळ्या डबीत ठेवा, कारण या अळ्या एकमेकींना खातात. शेवटच्या अवस्थेतली, खात असलेली अळी निवडा. खाणं थांबवून कोषात जायला निघालेलीचं आतडं रिकामं असतं. बर्फावर चिरा, आतडं लगेच थंड बफरमध्ये टाका, आणि डबीवर तारीख, गाव, पीक लिहा. जूनमध्ये पेरणी होते तेव्हाच ट्रिप्सिनची पहिली प्लेट लावायला घेतली, तर फुलोरा येईपर्यंत हात चांगला बसलेला असतो.